देवांची नावे आणि माणसांची नाती

गुरुवार हा आपल्याकडे बृहस्पतीचा वार. प्राचीन रोममध्येही तो त्याच ग्रहाचा वार होता. रोमन लोक त्या ग्रहाला ज्युपिटर म्हणत, आणि त्या नावाच्या षष्ठीच्या रूपावरून बनलेला 'जोवेदी' हा शब्द इटलीत आजही गुरुवारासाठी वापरला जातो. मध्य प्रदेशात सागर जिल्ह्यातील एरण येथे बुधगुप्ताच्या राजवटीतला, इ. स. ४८४ मधील स्तंभलेख आहे. वाराचा निर्देश असलेल्या भारतातील अगदी आरंभीच्या लेखांत त्याची गणना होते. आणि त्यात दिलेला वार देवगुरूचा, म्हणजे गुरुवारच आहे. तिकडे देवांचा राजा, इकडे देवांचा गुरू. परंतु आकाशातला ग्रह एकच आणि सप्ताहातली जागाही एकच. हे साम्य आले कोठून?

याचे उत्तर उसनवारी हे आहे. ग्रहांच्या नावांनी सात वार मोजण्याची पद्धत भूमध्य समुद्राच्या परिसरात रूढ झाली आणि इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत ज्योतिषविद्येबरोबर ती भारतात आली. आपल्या पूर्वजांनी परकी नावे जशीच्या तशी उचलली नाहीत. त्या त्या ग्रहाचे आपले नाव वाराला दिले. उसनवारी नाकारताही येते, याचे उदाहरण पोर्तुगीज भाषेत आहे. सहाव्या शतकात ब्रागा येथील बिशप मार्टिन यांनी ख्रिस्ती माणसाने वारांना जुन्या देवांची नावे देऊ नयेत असा आग्रह धरला. त्या भाषेत सोमवार ते शुक्रवार हे दिवस आजही दुसरा, तिसरा, चौथा असे क्रमांकानेच ओळखले जातात. गोव्यातील पोर्तुगीज कागदपत्रांत गुरुवार हा नुसता 'पाचवा' म्हणून भेटतो तो यामुळेच.

देवांच्या नावांत दिसणाऱ्या साम्याचा हा एक प्रकार झाला. दुसरा प्रकार वारशाचा आणि तिसरा निव्वळ योगायोगाचा. उसनवारी, वारसा आणि योगायोग या तिहींची गल्लत फार लवकर होते, आणि ती नेहमीच निरुपद्रवी ठरते असे नाही. म्हणून प्राचीन देवकथांतील नावांचा अर्थ लावताना या तिहींना वेगवेगळे ओळखणे अगत्याचे आहे.

वारशाचे उदाहरण म्हणून 'ज्युपिटर' हे नावच घ्यावे. लॅटिन भाषेत त्याचे एक जुने रूप 'दिएस्पितेर' असे आहे. त्यातील 'पितेर' म्हणजे पिता, हे सांगावयास नको. पहिला भाग म्हणजे ऋग्वेदातील 'द्यौस्', प्रकाशमान आकाश. ग्रीकांचा देवराज झ्यूस याचे नावही तेच. ग्रीक भक्त त्याला 'झ्यू पातेर' अशी हाक मारीत. वैदिक ऋषी 'द्यौष्पितः' अशी मारीत.

हे साम्य कानाला गोड वाटते एवढ्यावरून विद्वानांनी ते मान्य केलेले नाही. त्याला अधिक बळकट पुरावा आहे. संस्कृतात या शब्दाची प्रथमा 'द्यौः' अशी होते, पण षष्ठी मात्र 'दिवः'. ग्रीकात प्रथमा 'झ्यूस', पण षष्ठी 'दिओस'. शब्द चालवताना दोन्ही भाषा एकाच जागी, एकाच तऱ्हेने वाकडी वाट घेतात. शेजाऱ्याकडून शब्द उसना आणता येतो. त्या शब्दाच्या व्याकरणातील खोड सहसा उसनी येत नाही. ती घराण्यातूनच यावी लागते.

'दिवः' मधला 'व' ग्रीक रूपात का नाही, अशी शंका येथे घेता येईल. ग्रीक भाषेच्या बहुतेक बोलींतून हा उच्चार पुढील काळात लोप पावला, असे भाषाशास्त्रज्ञ सांगत असत. या म्हणण्याला एक सुंदर दुजोरा मिळाला. १ जुलै १९५२ रोजी मायकेल व्हेंट्रिस या तिशीच्या आतील इंग्रज वास्तुविशारदाने बी. बी. सी. वरील भाषणात जाहीर केले की, क्रीट बेटावर आणि ग्रीसमध्ये सापडलेल्या मातीच्या पाट्यांवरील लिपी आपण वाचली असून तिची भाषा ग्रीकच आहे. या पाट्या इसवी सनापूर्वी सुमारे १४०० ते १२०० या काळातल्या. त्यांत राजवाड्यांतील हिशेब आहेत आणि देवांना अर्पण करावयाच्या वस्तूंच्या यादीही आहेत. 'झ्यूसला' या अर्थाचा जो शब्द तेथे आढळतो, तो 'दि' आणि 'वे' अशा दोन अक्षरांनी लिहिलेला आहे. संस्कृतात 'दिव्' शब्दाची चतुर्थी 'दिवे' अशीच होते. लोपलेला 'व' तीन हजार वर्षांहून अधिक काळ मातीत जपून राहिला होता.

नाव एक असले म्हणून नशीब एक असते असे मात्र नाही. ग्रीसमध्ये झ्यूस सर्व देवांचा अधिपती झाला, वज्र हाती घेऊन बसला. आपल्याकडे ते वज्र इंद्राच्या हाती गेले. संपूर्ण ऋग्वेदात एकट्या द्यौस्‌साठी स्वतंत्र असे एकही सूक्त नाही. त्याचे स्तवन होते ते पृथ्वीच्या जोडीने. पुढे महाभारतात द्यौ हा आठ वसूंपैकी एक वसू होऊन येतो, वसिष्ठांची गाय पळवतो, शापित होतो आणि भीष्म म्हणून जन्म घेतो. एकाच पित्याच्या घरून निघालेले नाव एका देशी सिंहासनावर बसले, दुसऱ्या देशी शरशय्येवर पहुडले. नावाचा वारसा मिळतो. कथा मात्र ज्या त्या समाजाला स्वतःची रचावी लागते.

युरोप आणि भारत यांच्या भाषांतील हे नाते प्रथम ज्यांच्या ध्यानी आले त्यांत गोव्याशी संबंध असलेले दोघे आहेत. 'क्रिस्तपुराण' हे ओवीबद्ध मराठी काव्य रचणारे इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. २४ ऑक्टोबर १५८३ च्या पत्रात त्यांनी आपल्या भावाला कळवले की, येथील भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनसारखी आहे. पुढे दोन वर्षांनी फिलिप्पो सास्सेत्ती या फ्लॉरेन्सच्या व्यापाऱ्याने संस्कृत आणि आपली इटालियन भाषा यांतील जोड्या टिपल्या: देव आणि 'दीओ', सर्प आणि 'सेर्पे', सप्त आणि 'सेत्ते', अष्ट आणि 'ओत्तो', नव आणि 'नोवे'. सास्सेत्ती १५८८ मध्ये गोव्यातच वारला. ही पत्रे खाजगी होती. त्यांचा गवगवा झाला नाही. २ फेब्रुवारी १७८६ रोजी सर विल्यम जोन्स यांनी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे हाच विचार अधिक नेमकेपणाने मांडला, आणि तेथून तौलनिक भाषाशास्त्राची वाट मोकळी झाली.

परंतु ह्याच जोन्स यांनी त्याआधी १७८४ मध्ये ग्रीस, इटली आणि भारत येथील देवांवर एक निबंध लिहिला होता. त्यात रोमन लोकांचा दारांचा व आरंभांचा देव जानुस आणि आपला गणेश हे एकच असावेत असे अनुमान आहे. दोघांचेही स्मरण आरंभी होते आणि 'जानुस' व 'गणेश' ही नावे कानाला जवळची वाटतात, एवढाच त्याला आधार. 'जानुस' हे नाव येणे-जाणे, दार, वाट या अर्थाच्या लॅटिन शब्दाचे. गणेश म्हणजे गणांचा ईश. दोन्हींचा परस्परांशी काडीचा संबंध नाही. व्याकरणात ज्याची दृष्टी अचूक ठरली, तोच पंडित देवांच्या नावांपाशी येऊन ठेचकाळला. यावरून या वाटेवरील निसरडेपणाची कल्पना येईल.

या वाटेवर आधार कशाचा? ध्वनिनियमांचा. एका मूळ भाषेतून निघालेल्या दोन भाषांत उच्चार बदलतात, पण ते लहरीप्रमाणे बदलत नाहीत. ठरावीक जागी ठरावीक रीतीने बदलतात. संस्कृत शब्दाच्या आरंभी 'स' असेल तर ग्रीकात तेथे बहुधा 'ह' येतो. सप्तचे 'हेप्ता' होते, सर्पाच्या धातूपासून 'हेर्पेतोन', म्हणजे सरपटणारा प्राणी. म्हणून सूर्य आणि ग्रीकांचा सूर्यदेव 'हेलिओस' ही नावे कानाला परकी वाटली तरी एकाच कुळातली आहेत. उषा, ग्रीक 'एओस' आणि रोमन 'औरोरा' ही तीन नावे एकापुढे एक म्हटली तर कोणालाही त्यांत साम्य दिसणार नाही. पण दोन स्वरांमधला 'स' ग्रीकात गळतो आणि लॅटिनमध्ये त्याचा 'र' होतो, हे नियम लावले की तिन्ही नावे एकाच पहाटेची ठरतात. ऋग्वेदात सुमारे वीस सूक्ते जिला वाहिली आहेत ती द्यौस्‌ची कन्या, आणि होमरने गुलाबी बोटांची म्हणून जिचे वर्णन केले ती, यांचे नाव एक आहे.

आता याच्या उलट पाहावे. ग्रीक भाषेत देवाला 'थेओस' म्हणतात. 'देव' आणि 'थेओस' यांहून जवळची जोडी कोणती असणार? तरीही त्यांचे नाते नाही. संस्कृत 'द' ग्रीकात 'द'च राहतो: दशला 'देका', द्विला 'दुओ'. ग्रीक 'थ' येतो तो संस्कृत 'ध'च्या जागी: धूमाच्या बरोबरीचा शब्द 'थुमोस'. म्हणून देव आणि थेओस हे भाऊ नव्हेत. रस्त्यात भेटलेले, चेहरा जुळणारे दोन अपरिचित गृहस्थ होत. वरुण आणि ग्रीकांचा आकाशदेव 'ऊरानोस' यांना पुष्कळ दिवस एकच मानले जाई. ध्वनिनियमांपुढे ती जोडी टिकली नाही. 'ऊरानोस' हे नाव बहुधा आपल्या वर्षा आणि वृष्टी या शब्दांच्या कुळातले आहे. त्याचा अर्थ पाऊस पाडणारा. कान ज्यांना सख्खे म्हणतो ते परके निघतात, आणि ज्यांना परके म्हणतो ते सख्खे निघतात.

एकोणिसाव्या शतकात या मोहाला थोर थोर माणसेही बळी पडली. ऋग्वेदाचे संपादक माक्स म्युल्लर यांनी १८५६ मध्ये तौलनिक देवकथाशास्त्रावर गाजलेला निबंध लिहिला. निसर्गातील घटनांना दिलेल्या नावांचा मूळ अर्थ लोक विसरले, आणि त्या विसरातून देव व त्यांच्या कथा जन्मल्या, असे त्यांचे मत होते. विचारात तथ्यांश होता. पण पुढे जिकडे तिकडे सूर्य आणि पहाटच दिसू लागली. ग्रीकांची ज्ञानदेवता अथेना हिचे नाव त्यांनी ऋग्वेदातील 'अहना' या उषेच्या नावाशी जोडले. शेवटी १८७० मध्ये डब्लिनच्या एका विनोदी विद्वानाने, म्युल्लर यांच्याच पद्धतीने, ऑक्सफर्डचे माक्स म्युल्लर नावाचे कोणी गृहस्थ नसून ती एक सूर्यकथाच आहे, असे सिद्ध करून दाखवले. पद्धत इतकी लवचीक असेल की तिने हयात माणसाचाही सूर्य करता येतो, तर तिने सिद्ध केलेल्या इतर सूर्यांवर कोणी विश्वास ठेवावा?

अथेनेचे नाव ग्रीक लोक त्या देशी येण्यापूर्वीच्या कोणा भाषेतले असावे, असे आज बहुतेक विद्वान मानतात. व्हेंट्रिसने वाचलेल्या लिपीतील, क्रीटमधल्या एका पाटीवर 'अताना' या नावापुढे 'पोतनिया' असे पद आहे. त्याचा अर्थ स्वामिनी; आणि हे पद मात्र संस्कृत 'पत्नी' या शब्दाचे सख्खे भावंड आहे. नाव कोणा विस्मृत जनांचे आणि त्याला जोडलेली पदवी आपल्या कुळातली. प्राचीन देवता अशा अनेक घरांचा वारसा घेऊन उभ्या असतात.

नावांच्या अर्थाविषयी आणखी एक गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे. नावावरून कथा तयार होते, ही ती गोष्ट. 'आफ्रोस' म्हणजे फेस, म्हणून आफ्रोदिती ही सागराच्या फेसातून जन्मली, असे हेसिओद या ग्रीक कवीने सांगितले. हे नाव मुळात ग्रीक आहे की पूर्वेकडून आलेले, याबद्दल विद्वानांत मतभेद आहेत. कथा मात्र अमर झाली. आपल्या पुराणांत दितीच्या गर्भाचे इंद्राने एकोणपन्नास तुकडे केले. ते रडू लागताच तो 'मा रुद', म्हणजे रडू नकोस, असे म्हणाला, म्हणून त्यांचे नाव मरुत् पडले, अशी कथा आहे. व्याकरणाच्या कसोटीला ही व्युत्पत्ती उतरत नाही. परंतु मारणाऱ्यालाच त्या बालकांची कीव आली, हा कथेतला भाव व्याकरणाच्या कसोटीवर घासण्याचा नव्हे. व्युत्पत्ती चुकली म्हणून कथा खोटी पडत नाही. आणि कथा सुंदर आहे म्हणून व्युत्पत्ती खरी ठरत नाही.

'असुर' या नावाची हकीकत याहून बोधप्रद आहे. ऋग्वेदाच्या जुन्या भागात असुर हे वरुणासारख्या देवांचे गौरवाचे विशेषण आहे. त्याचा अर्थ सामर्थ्यवान प्रभू. इराणी शाखेत तोच शब्द 'अहुर' झाला आणि जरथुष्ट्राच्या धर्मात परमेश्वराचे नाव 'अहुर मज्द' ठरले. त्याच धर्मात 'देव' हा शब्द मात्र दुष्ट शक्तींचा वाचक झाला. आपल्याकडे हळूहळू असुराला वाईट अर्थ आला; मग लोकांनी आरंभीचा 'अ' नकारार्थी समजून तो काढून टाकला आणि 'सुर' असा देववाचक शब्द नव्याने घडवला. पुढे त्यालाही कथा मिळाली: ज्यांनी सुरेचा स्वीकार केला ते सुर, ज्यांनी केला नाही ते असुर. एका घराचे दोन भाग झाले, आणि एकाचा देव तो दुसऱ्याचा दैत्य ठरला. नाव मात्र दोन्ही घरांनी टाकले नाही.

यमाचेही असेच आहे. यम म्हणजे जुळा. अवेस्तात तो 'यिम' म्हणून भेटतो, आणि त्याच्या पित्याचे नावही आपल्या विवस्वताशी जुळते. परंतु तेथे तो मृत्यूचा अधिपती नसून सुवर्णयुगाचा राजा आहे. 'तेजस्वी यिम' या अर्थाच्या शब्दांचे फारसीत 'जमशीद' झाले. मुंबईत, वडोदऱ्यात किंवा हैदराबादेत एखाद्या पारशी कुटुंबात मुलाचे नाव जमशेद ठेवतात, तेव्हा ज्या नावाने शेजारच्या घरात माणसे दचकतात, तेच नाव तेथे कौतुकाने उच्चारले जात असते.

अर्थ शोधण्याची ही हौस फार जुनी आहे. यास्काचार्यांनी निरुक्तात अग्नी हा शब्द 'अग्रणी'वरून लावला. ग्रीसमध्ये प्लेटोच्या एका संवादात सॉक्रेटिस, अर्धा गंभीरपणे आणि अर्धा थट्टेने, हेरा या देवीचे नाव 'आएर' म्हणजे हवा या शब्दाची अक्षरे फिरवून लावतो. लॅटिनमध्ये अग्नीला 'इग्निस' म्हणतात हे यास्कांना कळण्याचा मार्ग नव्हता. त्यांना दोष देणे अनुचित होय. त्यांचा उद्देश मंत्राचा अर्थ उकलण्याचा होता, कोणावर हक्क सांगण्याचा नव्हता.

दोष येतो तो तेथे, जेथे नावाचा अर्थ लावता लावता माणसे मालकी सांगू लागतात. अमुक देशाचे देव आमचेच, अमुक गाव आमचेच, कारण त्याचे नाव आमच्या भाषेतल्या शब्दासारखे ऐकू येते, असे युक्तिवाद सर्वत्र चालू असतात. 'आर्य' हे एका भाषाकुळाच्या अभ्यासात आलेले नाव. ते वंशाला आणि रक्ताला लावू नये, आर्य वंश किंवा आर्य रक्त म्हणणे हे व्याकरणाला कवटीची मापे लावण्याइतके हास्यास्पद आहे, अशा आशयाचा इशारा माक्स म्युल्लर यांनी १८८८ मध्ये दिला होता. तो ऐकला गेला नाही. १९३३ ते १९४५ या काळात जर्मनीत याच नावाच्या आधारे कायदे झाले आणि लक्षावधी निरपराध ज्यू माणसांचा संहार झाला. शब्दाचे मूळ आणि माणसाचे मोल यांची गल्लत किती महाग पडते, याचे याहून भयानक उदाहरण इतिहासात शोधावे लागणार नाही.

भाषा रक्ताबरोबर वाहत नाही. ती आईच्या, शेजाऱ्याच्या, गुरुजींच्या तोंडून शिकली जाते. म्हणूनच इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव, हैदराबाद येथील मराठी घरांत पिढ्यानुपिढ्या शेजारच्या भाषेतले शब्द येऊन राहिले आहेत आणि आपलेही शब्द शेजाऱ्यांकडे गेले आहेत. देवांच्या नावांचेही तसेच झाले. काही वारशाने आली, काही उसनी आणली, काहींच्या जोड्या केवळ योगायोगाने जुळल्या. कोणते नाव कोणत्या वाटेने आले हे शांतपणे तपासावे. नाते निघाले तर आनंद मानावा, न निघाले तर त्यात कोणाचा कमीपणा मानू नये.

गोव्यात कितीएक पिढ्या एकाच देवळाच्या छायेत पोर्तुगीजमध्ये 'देउश' म्हणून प्रार्थना झाली आणि कोंकणीत 'देव' म्हणून. कोणाचे आभार मानावयाचे झाले की तेथे आजही 'देव बरें करूं' असे म्हणतात. राज्यकर्त्यांची भाषा आणि रयतेची भाषा यांत अंतर फार होते. परंतु 'देउश' हा लॅटिन 'देउस'चा वंशज, आणि 'देउस' व 'देव' हे ध्वनिनियमांच्या कसोटीस पूर्णपणे उतरणारे, एकाच मूळ शब्दाचे पुत्र आहेत. मूळ अर्थ: आकाशातला, प्रकाशाचा. ज्यांना एकमेकांची भाषा परकी वाटत होती, ती माणसे शतकानुशतके एकाच शब्दाने देवाला हाक मारीत होती.